ओढणारीचा आवाज

गोर्नो रेब्रो गावात कुणाचा फोन बिघडला, रेडिओ खरखरला किंवा जत्रेतला कर्णा ऐन वेळी मुका झाला, तर लोक आधी स्पास्काकडे येत आणि मग दुरुस्तीवाल्याकडे जात. सोफिया शहरातल्या टेलिफोनच्या कारखान्यात तिनं गावाहून रोज बसनं ये-जा करत सव्वीस वर्षं काढली होती. फोनच्या ज्या टोकात आपण बोलतो, त्यातली कोळशाच्या भुकटीची डबी ती बसवायची. बसवली की फुंकर मारायची, "अलो, एक, दोन" म्हणायची आणि पुढे सरकवायची. दिवसाला चारशे वेळा. कारखाना बंद पडून पंचवीस वर्षं उलटली, तसले फोन आता मुलांना खेळायलासुद्धा मिळत नाहीत. पण गावानं एकदा माणसाला शहाणं ठरवलं की त्याला मरेपर्यंत शहाणंच राहावं लागतं.

म्हणून लोझेनाच्या गाण्याच्या शिकवणीला नवा मायक्रोफोन घ्यायची वेळ आली, तेव्हा वाचनालयाचा सचिव बिसेर म्हणाला, ते स्पास्कामावशी बघतील. स्पास्का म्हणाली, मला मेलीला आता त्यातलं काय कळतंय. असं म्हणायची रीतच असते. मनात तिनं सोफियाच्या पहिल्या बसची वेळ काढूनसुद्धा ठेवली होती.

लोझेना म्हणजे तिची थोरली जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही आता टेकडीवरच्या दफनभूमीत शेजारी शेजारी. आणि या दोघी खाली, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. जावा-जावा उभा दावा म्हणतात. यांचा दावा गावाला कधी दिसला नाही, कारण गावाला त्या दिसायच्या त्या डोक्याला डोकं टेकवून गाताना.

त्या मुलखात बायकांचं गाणं एकटीनं होत नाही. एक बाई हाक घालते, म्हणजे शब्द आणि चाल तिची, ती वर चढते, वळते, गिरकी घेते. बाकीच्या ओढतात. ओढणं म्हणजे खाली एकच सूर धरायचा आणि तो सोडायचाच नाही. नांगर ओढावा तसा गाण्याच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत न्यायचा. हा खालचा सूर वरच्याला इतका खेटून असतो की दोन्ही एकमेकांवर घासतात, आणि नीट घासले की हवेत घंटा वाजल्यासारखं होतं. घंटा वाजली तर ते गाणं. नाहीतर नुसतीच आरडाओरड, असं जुन्या बायका म्हणत. हाक घालणारीचं नाव होतं, ओढणारीला काम असतं.

कुणी काय करायचं हे सासूनं ठरवलं होतं, तेही आवाज ऐकून नव्हे तर लग्नाचा क्रम बघून. थोरलीनं हाक घालायची, धाकटीनं ओढायचं. पूर्वी ओढायला स्पास्काच्या जोडीला गावातली ग्युर्गा होती. एकीनं श्वास घेतला की दुसरी सूर सांभाळायची, मध्ये फट म्हणून पडायची नाही. चार वर्षांपूर्वी ग्युर्गा गेली आणि स्पास्का एकटी ओढायला लागली. आता ती श्वास चोरून घ्यायची, लोझेनाची गिरकी मोठी असेल त्या आडोशाला, कुणाच्या लक्षात येणार नाही असा.

शिकवणी सुरू झाली ती बिसेरमुळे. त्यानं जत्रेतलं एक गाणं इंटरनेटवर टाकलं आणि कुठकुठल्या बायकांची पत्रं आली, की आम्हाला शिकवाल का. मग दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता लोझेनाच्या पुढच्या खोलीत वाचनालयाचा लॅपटॉप मांडला जाऊ लागला. दोघी काळे सुकमान, म्हणजे तिकडचे जुन्या वळणाचे लोकरी झगे, घालून, गळ्यात नाण्यांच्या माळा चढवून बसायच्या, कारण बाहेरच्यांना तसंच बघायला आवडतं असं बिसेरचं म्हणणं. पडद्यावर अकरा खिडक्या उघडायच्या. डेन्मार्कची एक, कॅनडाच्या दोन, अशा दहा जणी परक्या. अकरावी खिडकी व्हॅलेन्सियातली. तिच्यात स्पास्काची नात, एलित्सा.

एलित्सा तेरा वर्षांची. स्पास्काची लेक इस्क्रा तिकडे एका हॉटेलच्या धुलाईघरात कामाला; मुलगी तिथेच वाढली. फोनवर आजी-नातीचं बोलणं तीन वाक्यांत संपायचं. जेवलीस का, शाळा काय म्हणते, आईकडे दे. पण रविवारी ती तास-तासभर समोर असायची, आणि स्पास्काला बोलावं लागायचं नाही. नुसतं ओढायचं. तिच्या मनात एक होतं, ते तिनं इस्क्रालाही सांगितलं नव्हतं, कारण इस्क्रा म्हणाली असती, आई, त्यानं तिचं पोट भरणार आहे का? तिच्या मनात होतं की आपला सूर या पोरीनं घ्यावा. गावात आता ओढणारी दुसरी नव्हती. हाक घालायला उद्या कुणीही पुढे येईल, त्यात मिरवणं आहे. ओढायला कोण येतंय?

पण लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन म्हणजे एक भोक होतं. त्यातून फ्रिज ऐकू जायचा, कोंबड्या ऐकू जायच्या, माळांची नाणी तर गाण्यापेक्षा मोठ्यानं. एलित्सा म्हणाली, आजी, बादलीत बसून कुणी गातंय असं वाटतं. त्याच आठवड्यात स्पास्का बसमध्ये बसली.

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं आणि विकणारा माणूस पन्नाशीचा, गळ्यात चष्मा अडकवलेला, सारखा खोकणारा. म्हातारी बघून त्यानं सगळ्यात स्वस्त पुढे केला, तार असलेला, कॉलरला लावायचा. स्पास्कानं तो हातात घेऊन परत ठेवला. म्हणाली, आमची जाऊबाई हात उडवल्याशिवाय गात नाही. तार माळेत अडकेल आणि लॅपटॉप तिच्या मांडीवर येईल. बिनतारी दाखवा. मग त्यानं बिनतारी दाखवला. पण त्याचं टोक फोनच्या भोकाचं. वाचनालयाचा लॅपटॉप जुना, त्याला मोठं चौकोनी भोक. स्पास्कानं ते कागदावर काढूनच आणलं होतं. मग ब्लूटूथवाला निघाला, तो तिनं कानाला लावून तपासला. एक, दोन म्हणाली आणि मान हलवली. तोंड आधी हलतंय आणि आवाज मागून येतोय. बोलायला चालेल, गाण्याला नाही.

यानंतर त्या माणसानं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिला खुर्ची दिली.

शेवटी दोन उरले. दोघांचंही टोक मोठ्या भोकाचं, दोन्ही सहा तास चालणारे. फरक एवढाच, की एका डबीत चिमट्याचा एकच मायक्रोफोन होता आणि दुसरीत दोन. माणसानं विचारलं, गाणाऱ्या किती? दोघी, स्पास्का म्हणाली. मग दोनवाला घ्या, तो म्हणाला. विकायचं म्हणून नाही सांगत, माणशी एक लागतो.

यावर स्पास्का हसली. तिला त्या माणसाची कीवच आली. शहरातला माणूस, त्याला काय ठाऊक. तिनं त्याला समजावलं, की आम्ही डोक्याला डोकं लावून गातो, हिचं तोंड तिच्या कानाशी. आमच्याकडे म्हणतात दोन बायका आणि एक तोंड. दोन मायक्रोफोन लावले तर एक गाणं दोन ठिकाणी कापल्यासारखं होईल. आणि मनात तिनं आणखी एक हिशेब केला, तो बाहेर बोलली नाही: दोन घेतले तर जाऊबाई म्हणेल, बघा, हिला स्वतःचा वेगळा हवा झाला.

मग माणसानं त्या एकट्या डबीची करामत दाखवली. टेबलावरचा पंखा सुरू केला, स्पास्काच्या कानांवर हेडफोन ठेवला. पंखा भरभरत होता. त्यानं चिमट्यावरचं एक बारीक बटण दाबलं. पंखा डोळ्यांपुढे फिरत राहिला आणि कानांतून पुसला गेला. माणसाचा खोकला तेवढा लख्ख आला.

"त्याला कळतं कसं," स्पास्कानं विचारलं, "काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते?"

"जे एकसारखं चालू राहतं, बदलत नाही, तो त्याच्या लेखी कचरा. जे वरखाली होतं, ते माणूस."

"शहाणं आहे," स्पास्का म्हणाली.

तिच्या डोळ्यांपुढे लोझेनाचा फ्रिज आला. लग्नातला फ्रिज तो, पन्नास वर्षं एकाच सुरात गुरगुरणारा. इतक्या एका सुरात, की कधी कधी स्पास्का आपला सूर त्याच्यावरूनच धरायची. आता जा म्हणावं, तिनं फ्रिजला मनातल्या मनात सांगितलं, आणि ती डबी घेतली.

पहिल्या रविवारी बिसेरनं तो चिमटा लोझेनाच्या छातीवर लावला, माळेच्या जरा वर. बटण दाबलं. गाणं झालं आणि अकराही खिडक्यांतले चेहरे उजळले. बायकांनी लिहून पाठवलं, बिसेरनं वाचून दाखवलं: काय स्वच्छ आवाज, जणू आमच्याच खोलीत बसून गाताय. लोझेनाचे गाल लाल झाले. स्पास्कानं त्यातलं निम्मं कौतुक आपल्याकडे ठेवून घेतलं, आणि वर मायक्रोफोन निवडल्याचं वेगळं. त्या रात्री तिला छान झोप लागली.

थंडी गेली, उपासाचे दिवस आले, ईस्टर झाला. शिकवणीत शिकणाऱ्यांचे मायक्रोफोन बंद ठेवायचे असतात, नाहीतर अकरा घरांचा कल्ला होतो. त्यामुळे स्पास्काला नातीचं तोंड दिसायचं, आवाज नाही. ती तोंडाकडे बघत बसायची. ओढणारीचं तोंड फारसं हलत नाही, जबडा एकदा बसला की बसला. एलित्साचं तोंड हलत होतं, ओठ शब्दांवर उघडमीट करत होते. म्हणजे पोर वरचं गात होती. स्पास्कानं स्वतःची समजूत घातली, की लहान आहे, चाल आधी आवडते, खालचं कळायला वय लागतं. मलाही विसाव्या वर्षी कुठे कळत होतं. सासूनं दटावलं म्हणून ओढत होते.

ऑगस्टात देवमातेच्या जत्रेला इस्क्रानं मुलीला पंधरा दिवसांसाठी पाठवलं. स्वतः आली नाही. हॉटेलवाल्यांना ऑगस्टच्या गर्दीत देवमाता माहीत नसते. स्पास्कानं पोरीसाठी चीज भरलेली बानित्सा भाजून केली, दोनदा केली, कारण पहिली जरा करपली होती आणि दुसरी होईस्तोवर पोरीनं करपलेलीच संपवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. एलित्सा सोलता सोलता गुणगुणायला लागली, आणि मग सरळ गायलाच लागली, ते कापणीचं गाणं, अगदी लोझेनाच्या वळणांसकट, गिरकीसकट. परक्या देशातली पोर, पण शब्द एकेक स्पष्ट. स्पास्काच्या हातातली शेंग हातातच राहिली. ती उठली, ओल्या हातांनीच पोरीजवळ गेली, आपलं कपाळ तिच्या कपाळाच्या कडेला टेकवलं आणि खालून सूर धरला. आयुष्यभर धरला तसाच. आणि घंटा वाजली. तिच्या हाडांना ती कळली.

एलित्सानं गाणं तोडलं, डोकं बाजूला घेतलं आणि एका कानावर हात ठेवला.

"आजी, तू बेसूर गातेस."

स्पास्काला वाटलं, पोर थट्टा करतेय. पण पोरीच्या तोंडावर थट्टा नव्हती, दात दुखल्यावर होतं तसं काहीतरी होतं. ती समजुतीनं म्हणाली, की अगं, रागावू नकोस, पण तुझ्या आवाजानं माझा सूर घसरतो. दोन्ही एकमेकांना लागतात. आणि मग जरा कौतुकानं विचारलं, "पण तू गातेस? मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं तू तिथे नुसती बसतेस."

"नुसती कशाला बसेन मी?"

"शोभेला. तोंड उघडं ठेवून."

स्पास्का परत खुर्चीवर बसली आणि म्हणाली, मला ऐकव. काय, ते पोरीला आधी कळलं नाही. मग तिनं फोन काढला. शिकवणीचा दर रविवार बिसेर साठवून ठेवायचा आणि शिकणाऱ्यांना पाठवायचा. स्पास्कानं त्यातला एकही ऐकलेला नव्हता. ज्या गाण्यात आपण बसलो होतो ते पुन्हा काय ऐकायचं?

फोनच्या पडद्यावर दोघी दिसत होत्या, डोक्याला डोकं. लोझेना गात होती. आवाज असा निखळ, की तिच्या जिभेचा टाळूला लागलेला स्पर्शही ऐकू यावा. कोंबड्या नव्हत्या. नाणी नव्हती. फ्रिज नव्हता. शेजारी काळ्या सुकमानात एक म्हातारी जबडा एका जागी धरून बसली होती, तिच्या गळ्याची शीर फुगलेली दिसत होती, आणि तिच्यातून काहीही बाहेर येत नव्हतं.

स्पास्कानं दुसरा रविवार लावायला सांगितला. मग तिसरा. फेब्रुवारीतला, मार्चमधला. जे एकसारखं चालू राहतं, तो कचरा. तिनंच तर म्हटलं होतं, शहाणं आहे.

एलित्साला आता काहीतरी बिनसलंय एवढं कळलं होतं. आजीची करमणूक करावी म्हणून ती व्हिडिओखालचा मजकूर वाचून दाखवायला लागली. डेन्मार्कच्या बाईंनी ईस्टरच्या आधी विचारलं होतं, की शेजारी बसलेल्या बाईंचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचत नाही, त्याही गातात का? खाली लोझेनाच्या नावानं उत्तर होतं. एलित्सानं तेही वाचलं: "ती माझी धाकटी जाऊ. सोबतीला बसते."

स्पास्कानं हात धुतले, ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि भिंतीपलीकडे गेली.

लोझेना अंगणात मिरच्या निवडत होती. तिनं वर न बघताच विचारलं, पोरगी उठली का. स्पास्का म्हणाली, उठली. मला तुझं उत्तर वाचून दाखवलंन. कुठलं उत्तर, असं लोझेनानं विचारलं नाही. हे तिच्या बाजूनं बोलायलाच हवं. तिनं मिरची खाली ठेवली.

"एप्रिलपासून ठाऊक होतं तुला," स्पास्का म्हणाली.

"मार्चपासून. बिसेरनं ऐकवलं होतं."

"आणि मी दर रविवारी गळ्याच्या शिरा ताणत बसत होते. तुला सांगावंसं नाही वाटलं?"

लोझेना म्हणाली, बस. स्पास्का बसली नाही. तेव्हा लोझेना जे बोलली, ते ती बहुधा कुणालाच बोलली नसती, आणि बोलली तेही मिरच्यांकडे बघत.

"पन्नास वर्षं गातेय मी, स्पास्के. माझा आवाज मी एकटा कधी ऐकलाच नव्हता. कायम तुझा खाली. कोंबडी अंड्यावर बसते तशी तू माझ्या आवाजावर बसलेली. बिसेरनं ते लावलं आणि मला वाटलं, ही कोण बाई? मी रडले गं. म्हटलं, एवढं होतं माझ्याकडे? आणि मग म्हटलं, राहू दे असंच चार दिवस."

"चार दिवसांचे पाच महिने झाले."

"झाले."

"तुझ्याकडे थोरलेपण होतं, मधली खोली होती, सासूच्या कानातले डूल होते. मी कधी काही म्हटलं?"

"नाही म्हटलंस," लोझेना म्हणाली. "तू कधीच काही म्हणत नाहीस. नुसती धरून ठेवतेस. त्याचंही ओझं होतं माणसाला."

ते बोलणं लोझेनानं इतकं तयार ठेवलं होतं, की ते पुष्कळ वर्षांचं असावं असं स्पास्काला जाणवलं. ती एवढंच म्हणाली, की रविवारी ते बटण बंद राहील. लोझेनानं विचारलं, आणि फ्रिज? फ्रिजही बंद ठेव, स्पास्का म्हणाली. कोंबड्या मी कोंडते, माळा दोघींनी काढू. दोन आवाज सोडून त्या खोलीत काही राहता कामा नये.

बरं, लोझेना म्हणाली. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

जत्रा झाली; त्या पंधरवड्यात शिकवणीला सुट्टी होती. एलित्सा परत गेली. जायच्या आधी स्पास्कानं तिला दोनदा ओढायला शिकवायचा प्रयत्न केला. पोर गुणी, नाही म्हणाली नाही. पण सूर धरला की दुसऱ्याच ओळीला ती सरकून लांब जायची, जिथं घासणार नाही, टोचणार नाही अशा जागी. तिच्या कानानं सात महिने एकच बाई ऐकली होती. त्याला आता शेजार सोसत नव्हता. स्पास्कानं तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

आणि तो रविवार आला. फ्रिजची तार काढलेली, त्यातलं दही स्पास्काच्या घरी हलवलेलं. कोंबड्या कोंडलेल्या. माळा पलंगावर. बिसेरला सांगून ठेवलं होतं, त्यानं खांदे उडवले आणि बटण बंद केलं. अकरा खिडक्या उघडल्या. दोघींनी डोक्याला डोकं लावलं. लोझेनानं हाक घातली. स्पास्कानं सूर धरला, आणि इतका नीट धरला, की खिडकीच्या काचेनं साथ दिली. ग्युर्गा असती तर म्हणाली असती, आज पोरींनो, घंटा कोसभर जाईल.

स्पास्का पडद्याकडे बघत होती. डेन्मार्कच्या बाईंच्या कपाळावर आठी आली. कॅनडावाल्या एकीनं पडद्याजवळ तोंड आणलं, तारा हलवून बघितल्या. कुणी हेडफोन काढून फुंकला. अकराव्या खिडकीत एलित्सानं खालचा ओठ दातांत धरला आणि एका कानावरचा हेडफोन हळूच सरकवला. तिला कळत होतं हे काय आहे. ती सभ्यपणे सोसत होती.

लिहिलेलं येऊ लागलं. बिसेरनं गाणं चालू असताना वाचून दाखवलं नाही, पण दुसरं गाणं सुरू झालं तसा तो मागून वाकला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मुलं झोपली की दिवा मालवावा, तितक्या सहज त्यानं लोझेनाच्या छातीवरचं ते बारीक बटण दाबलं.

खोलीत काहीच बदललं नाही. स्पास्काच्या गळ्यात सूर तसाच होता, घंटा तशीच वाजत होती. फक्त पडद्यावरचे अकरा चेहरे एकदम सैल पडले. कपाळं मोकळी झाली. कुणी हसलं. आपण ज्या क्षणी नाहीशा झालो तो क्षण स्पास्कानं त्या अकरा तोंडांवर पाहिला, आणि त्या अकरांतलं एक तिच्या नातीचं होतं. एलित्सानं हेडफोन पुन्हा नीट कानावर बसवला.

स्पास्का थांबली नाही. ओढणारी मध्ये सोडत नाही, तशी रीतच नाही. तिनं ते गाणं शेवटपर्यंत नेलं, पुढची तीनही नेली, लोझेना जिथं थांबली तिथं थांबली. मग उठून कोंबड्या सोडल्या आणि फ्रिजची तार लावली. लोझेना दारापर्यंत आली, काहीतरी म्हणणार होती. स्पास्का म्हणाली, दही पाठवून देते.

पुढच्या रविवारी ती गेली नाही. निरोप धाडला नाही, तब्येतीचं कारण काढलं नाही. पाच वाजता ती आपल्या अंगणात भाजलेल्या भोपळी मिरच्या सोलत बसली. भिंतीपलीकडून लोझेनाचा आवाज आला, एकटा, सुरेख. तिसऱ्या ओळीला, जिथं गिरकी उतरते आणि टेकायला खाली काही लागतं, तिथं तो घसरणार हे स्पास्काला ठाऊक होतं. ती मिरची हातात धरून थांबली. आवाज घसरला. केसभर, पण घसरला; खाली चाचपडला, मग सावरून पुढे गेला. स्पास्कानं सालं एका बाजूला केली आणि दुसरी मिरची घेतली. वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही.

साडेसहाला फोन वाजला. एलित्सा होती. रविवारी तिनं आपण होऊन फोन करण्याची ही पहिलीच खेप.

"आजी, आज तू नव्हतीस."

स्पास्काचा हात काळा झालेला, तिनं फोन मनगटानं कानाशी दाबून धरला.

"तुला कळलं?"

"म्हणजे काय. निम्मं चित्र रिकामं दिसत होतं. सगळ्यांनाच विचित्र वाटलं." मग पोर हसली. "पण नंतर लोझेना आजीनं तुझ्या खुर्चीवर ती लाल जेरेनियमची कुंडी ठेवली. आता छान दिसतंय."

पलीकडे व्हॅलेन्सियात कुणीतरी भांडी घासत होतं, इस्क्रा असेल.

"तिला सांग," स्पास्का म्हणाली, "दिवसाआड पाणी घाल म्हणावं. फार नको. मुळं कुजतात. बरं, आईकडे दे."